दुसरा ठोका

पावर प्रेस चालते तेव्हा एक ठोका पडतो. पायाखालचं पेडल दाबलं की वरचा लोखंडी रॅम खाली येतो, डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, ठेवलेली पत्र्याची पट्टी कापतो आणि वर जाऊन थांबतो. एक दाब, एक ठोका. पेडल न दाबता दुसरा ठोका पडला, तर त्या वेळी डायमध्ये नुसती पट्टी नसते, ती उचलायला गेलेला हात असतो. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तिथे माझ्या बाबांचा हात होता. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या दिवशी कारखान्यातच राहिलं.

तेव्हापासून मला ठोक्याची भीती वाटते. घरात कोणी लसूण ठेचत असलं तरी मी नकळत कान देते. आईला याचं हसू यायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणायची, आणि मुद्दाम आणखी दोनदा बत्ता आपटायची.

आणि एवढं असून मी धंदा कोणता धरावा, तर जुनी यंत्रं सुधारायचा. बोटं गेल्यावर बाबांनी कारखाना सोडला आणि रायपुरातल्या भनपुरीत एक शेड भाड्याने घेतली. कबाडीकडून मोडकी लेथ, ड्रिल, शेपर आणायचं, खोलायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि छोट्या कारखान्यांना विकायचं. मी तिथे कागदपत्रं सांभाळायला म्हणून गेले आणि सहा महिन्यांत कोपरापर्यंत डिझेलमध्ये बुडाले. आमच्या नात्यातल्या मुली नव्या रायपुरात मंत्रालयात फायली हलवतात, मी गंज खरवडते. मला त्यांचा हेवा वाटत नाही. चार थर रंग खरवडल्यावर खालचा मूळ हिरवा रंग दिसतो ना, तेव्हा मला जे होतं ते फायलीत कुणाला होत असेल असं वाटत नाही. मी साफ केलेला नट बाजारातल्या नव्या नटापेक्षा चांगला दिसतो, हेही मीच सगळ्यांना सांगते. दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन.

पावर प्रेस आली की मात्र मी गप्प व्हायचे. तिची चाबी नेहमी बाबाच तपासत. चाबी म्हणजे कुलपाची नव्हे. प्रेसचा जड चक्का सतत फिरत असतो. पेडल दाबलं की वीतभर लांबीची एक पोलादी चाबी आत वळते आणि चक्क्याला रॅमशी जोडते. एक फेरा झाला की चाबीचं शेपूट खटक्याला अडकतं, चाबी सुटते, रॅम वरच थांबतो. शेपूट झिजलं असेल तर कधी अडकतं, कधी नाही. शंभर वेळा अडकेल आणि एकशे एकाव्या वेळी निसटेल. बाबांच्या प्रेसचं तेच झालं होतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे अशीच एक प्रेस होती, आणि ती घेणाऱ्या काकू रायपुराजवळच्या अभनपूरच्या होत्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कड्या-कोयंड्यांचं काम एकटीने चालू ठेवलं होतं. लोखंडी पेट्यांना लागतात ते कोयंडे. हाताने फिरवायच्या प्रेसवर काम करून त्यांचा खांदा गेला होता, म्हणून त्यांना पावर प्रेस हवी होती. विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी त्या प्रेस बघायला आल्या. पिशवीत लोहाराकडून बनवून घेतलेला हातभर लांब चिमटा होता.

“ही आपल्या मनानं तं खाली येत नाही न, बाई?” त्यांनी विचारलं.

“काकू, नवी चाबी बसवली आहे. आपल्या मनानं कशी येईल?”

“तरी मी चिमट्यानंच पट्टी ठेवीन म्हणते. मले भेव वाटते.”

मला राग आला. खरं म्हणजे ती भीती माझीच होती, आणि माझी भीती दुसऱ्या कोणी बोलून दाखवली की मी चिडते. मी मोटर सुरू केली. चक्का घुमायला लागला. मी पेडलवरून पाय काढला आणि उजवा हात मनगटापर्यंत रॅमखाली घातला.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाहा. चिमट्यानं पट्टी वाकडी बसते, माल बिघडतो, दिवसाचं काम अर्ध्यावर येतं. हा चिमटा टांगून ठेवा भिंतीले.”

काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “हव,” म्हणाल्या, आणि चिमटा पिशवीत टाकला. प्रेसला पुढून लावायची जाळी होती, तीही मी काढून ठेवली होती. जाळीने हात अडखळतो असं माझं म्हणणं.

बाबा मागे स्टुलावर बसले होते. ते उठले, मोटर बंद केली आणि बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी डबा माझ्यासोबत खाल्ला नाही. काहून नाही खाल्ला, हे मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

आमच्या शेडमध्ये विश्वकर्मा पूजेची बाबांनी घालून दिलेली एक रीत आहे. जे यंत्र हातात असेल, त्याचा काढलेला जुना भाग आणि बसवायचा नवा भाग दोन्ही एका ताटात देवापुढे ठेवायचे. जुन्याने इतकी वर्षं राबून दिलं, त्याने नव्याला काम सोपवावं आणि मोकळं व्हावं. म्हणून जुना भागही नव्यासारखा घासूनपुसून ठेवायचा. मेलेल्या माणसालाही आपण आंघोळ घालतो, असं बाबा म्हणतात. पूजेच्या दिवशी अवजार उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी नवा भाग बसवायचा, आणि तिसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना जुना भाग उचलून डब्यात ठेवायचा.

तर चाचणीसाठी बसवलेली नवी चाबी मी पुन्हा काढली. जुनी चाबी आधी डिझेलमध्ये, मग तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने अशी काही घासली की बघत राहावं. झिजलेल्या शेपटीवर कुसळं आली होती, तीही गुळगुळीत केली. दोन्ही चाब्या तेल लावून ताटात शेजारी शेजारी ठेवल्या. नवी डावीकडे. हळदी-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आरती झाली, नारळ फुटला, शेजारच्या शेडवाल्यांना बुंदी वाटली. सगळं व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच प्रेस न्यायला गाडी आली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. बाबा दहाशिवाय येत नाहीत. मी ताटातली डावीकडची चाबी उचलली, पुसली, बसवली. वर्तमानपत्राची घडी डायमध्ये ठेवून वीसेक वेळा पेडल दाबलं. दर वेळी एकच ठोका. प्रेस गाडीत चढली आणि गेली.

बाबा आल्यावर त्यांनी रिकामी जागा पाहिली. “चाबी?”

“बसवली.”

“मी पाह्यली असती एकदा.”

“इतकी वर्षं झाली बाबा, अजून माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, हेही मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी निर्माल्य काढायला घेतलं. झेंडू सुकून चाबीला चिकटला होता. ती उचलून मी अंगठ्याने हळद पुसायला लागले, आणि शेपटीच्या कोपऱ्याने अंगठा कापला.

जुन्या चाबीने अंगठा कापत नाही. तिला कोपराच उरलेला नव्हता, उरलेला होता तो मी स्वतः घासून गोल केला होता. मी चाबी डोळ्यांजवळ नेली. कोपरा असा टोकदार, नुकताच तासलेला. आरतीच्या वेळी ताट फिरलं असणार. कोणी फिरवलं, कोण जाणे. बहुधा मीच.

हातातली चाबी गार होती आणि अंगठ्याचं रक्त हळदीत मिसळून तिच्यावर पसरत होतं. काकूंना मी सांगितलं होतं, चिमटा टांगून ठेवा.

फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. प्रेस चालू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. काकू फोन उचलत नव्हत्या, याचा अर्थ प्रेस चालू होती. आणि प्रेस चालू होती, याचा अर्थ या क्षणी त्यांचा हात आत-बाहेर होत होता.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगते. त्या वेळीसुद्धा माझ्या डोक्यात आलं की बाबांना कळायला नको. संध्याकाळी तेल घालायच्या निमित्ताने जाऊ, चाबी बदलून येऊ, कोणाला पत्ता लागणार नाही. वीस वेळा तर नीट चालली होती, संध्याकाळपर्यंत चालेल. हे सगळं मी खरोखर मनात म्हटलं. माणूस भ्यायला की किती लवकर हिशेबी होतो.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. ते नेहमीच्या स्टुलावर होते.

मी काहीतरी बनवून सांगणार होते. पण त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर होती. मी चाबी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती तीन बोटांत घेतली, शेपटीवर अंगठा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “गाडी काढ.”

पाने, ग्रीस आणि चाबी पिशवीत टाकून आम्ही स्कूटरवर निघालो. धमतरी रोडला गर्दी असते म्हणून मी नव्या रायपुरावरून घेतलं. तिथले रस्ते एवढे रुंद आणि रिकामे, की कितीही वेग घेतला तरी आपण जागच्या जागीच आहोत असं वाटतं. बाबांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता, अंगठा आणि दोन बोटं. लहानपणापासून हा हात माझ्या डोक्यावर, पाठीवर, पाटीवर पडत आला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला सहन होईना. मला सारखं दिसत होतं की काकूंचाही असाच होईल, आणि त्या त्याच हाताने पोळी तोडायला शिकतील, साडीच्या निऱ्या धरायला शिकतील, आणि माझं नाव घेतील.

एका चौकात गाडी बाजूला घेऊन मी तिसऱ्यांदा फोन लावला. नाही उचलला.

“बाबा, त्यांना काही झालं असेल तर?”

ते म्हणाले, “माही प्रेस ज्यानं सुधारली होती न पोरी, त्याले सकाळीच समजलं होतं की खटका निसटून राहिला. मले मागून लोकाईनं सांगतलं. लाजेपायी आला नाही तो सांगाले. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप करून घेऊ म्हणे.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. दोन तासांपूर्वीचा माझा संध्याकाळचा बेत मला आठवला. दोन तास नव्हते झाले. अर्धा तास झाला होता.

“चल आता,” बाबा म्हणाले. “सुट्टी व्हाच्या आत पोचू.”

अभनपूरच्या बाजारातून काकूंच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वळलो, तेव्हा आवाज आला. ठक्. थोडं थांबून ठक्. पुन्हा ठक्. मला आनंद व्हायला हवा होता, एक ठोका म्हणजे सगळं ठीक. पण प्रत्येक ठोक्यानंतर मी श्वास रोखत होते. गल्लीत कोंबड्या होत्या, एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर बसून दाढी करून घेत होते, आणि मी स्कूटर पायाने ढकलत तेवढाच आवाज ऐकत होते. काकूंच्या दारापाशी पोचलो आणि आवाज बंद झाला.

स्कूटर स्टँडवर न लावताच मी सोडली, ती मागे आडवी पडली. मी मागच्या खोलीत धावत गेले.

काकू स्टुलावर बसून पदराने मान पुसत होत्या. चक्का फिरतच होता. मी सरळ भिंतीजवळ जाऊन मेन स्विच खाली ओढला, आणि मग त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली.

“अवं माय, काय करून राहिली हे?” काकू म्हणाल्या. “रडून काहून राहिली?”

मी सांगितलं. चाबी जुनी बसली. चूक माझी, गाडीवाल्याची नाही, देवाच्या ताटाची नाही. मी घाई केली, बाबांना न दाखवता पाठवली. नवी घेऊन आले आहे.

काकूंनी प्रेसकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “म्हणूनच सकाळी उचकी लागली होती का तिले?”

“कसली उचकी?”

“एकडाव दोन ठोके मारले. मी खाली पडलेली पट्टी उचलाले वाकली होती. म्हटलं नवी हाय, जागेवर बसून राहिली असंल.”

मी खाली बसले. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

पट्टी खाली पडली म्हणून त्यांचा हात वाचला. एवढंच. माझ्या कामाने नाही, माझ्या शब्दाने नाही, देवाच्या ताटाने तर नाहीच. समोर भिंतीवर खिळ्याला चिमटा टांगलेला होता. मी सांगितलं होतं तसा.

चाबी बदलायला अर्धा तास लागला. मी खोलत होते आणि बाबा पाने देत होते, एरवी उलटं असतं. जुनी चाबी बाहेर आली तशी ती बाबांनी काकूंना दाखवली, शेपूट कुठे झिजलं तेही बोट ठेवून दाखवलं. काहीही झाकलं नाही. मग नवी बसवून त्यांनी स्वतः तपासली, दोनदा, आणि मान हलवली. मी स्विच वर केला. कागदाची घडी घालून पेडल दाबत राहिले. एकच ठोका, दर वेळी.

“झालं, काकू,” मी म्हणाले.

काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या. आता त्यांना राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

“त्या दिवशी हात घातला होता न तुवा? घाल आता.”

चक्का घुमत होता. चाबी नवी होती, माझ्या डोळ्यांदेखत बसवलेली, बाबांनी तपासलेली. तिचा कोपरा माझ्या अंगठ्यात अजून ठणकत होता. त्या दिवशी मी हसत हसत हात घातला होता. आता मी उजवा हात उचलला, डायच्या तोंडापर्यंत नेला आणि तो पुढे जाईना. बोटं आपोआप मिटली. मी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. काकू बघत होत्या. मला खोटं वागायचं नव्हतं, आणि धाडस तर नव्हतंच.

“नाही घालत, काकू,” मी म्हणाले. “मला भीती वाटते. मला नेहमीच वाटते. तुम्हीही घालू नका. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. जाळी मी उद्या आणून बसवते.”

“हेच सांगाचं होतं न मंग त्या दिवशी,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “मी तं सांगतच होती तुले, मले भेव वाटते.”

बाबा पुढे झाले. त्यांनी खिळ्यावरचा चिमटा काढला, उजव्या हाताच्या तीन बोटांत दोनदा मिटून पाहिला, आणि काकूंच्या स्टुलावर बसले. बोटं गेल्यापासून बाबा पावर प्रेसपुढे कधी बसले नव्हते. तपासतात ती बाजूने उभं राहून. त्यांनी चिमट्याने पट्टी उचलली, डायमध्ये सरळ बसवली, चिमटा मागे घेतला आणि पेडलवर पाय ठेवला.

ठक्.

आम्ही तिघंही दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिलो. चक्का फिरत होता. तो आला नाही. बाबांनी चिमटा आत घालून कोयंडा बाहेर काढला, काकूंच्या टोपलीत टाकला आणि पुढची पट्टी उचलली.